बंद आहे, बंद केलंय की बंद पडलंय? कॉम्प्युटरच्या ‘लोकेशन’चा एक इतिहास

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जा. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडा, त्यात ‘लोकेशन’. बऱ्याच जणांना तिथे एक राखाडी झालेलं बटण दिसतं. कितीही दाबलं तरी हलत नाही. वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यातल्या काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते. तुम्ही घरी बसलेले, लॅपटॉप स्वतःच्या पैशांनी घेतलेला. मग ही संस्था कुठली?

‘दुरुस्त कसं करायचं’ हे खाली येईलच, काळजी करू नका. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात, म्हणून आधी दुसरी गोष्ट. हे एक बटण म्हणजे इतिहासाचं चांगलं साधन आहे. ताम्रपट वाचताना आपण विचारतो ना, दान कोणी दिलं, कोणाला दिलं, साक्षीदार कोण, मजकूर नंतर कोणी खोडला? तसंच हे पान वाचता येतं. त्यावरचा प्रत्येक टॉगल कुठल्या तरी वर्षी, कुठल्या तरी भांडणानंतर तिथे आलेला आहे.

यात मराठी आपल्याला मदत करते. इंग्रजीतला ‘डिसेबल्ड’ हा शब्द कर्ता गिळून टाकतो. मराठीत मात्र तीन वेगळी वाक्यं होतात: लोकेशन बंद आहे, लोकेशन बंद केलंय, लोकेशन बंद पडलंय. पहिल्यात नुसती स्थिती. दुसऱ्यात कोणीतरी माणूस किंवा नियम. तिसऱ्यात कोणीच मुद्दाम काही केलेलं नाही, पण मागची कुठली तरी व्यवस्था संपलेली आहे. तक्रार एकच दिसते, इतिहास मात्र तीन.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करू, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. तुमच्या लॅपटॉपला तो कुठे आहे हे माहीत नसतं. बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएसचा रिसीव्हर नसतोच. फोनमध्ये असतो, म्हणून आपल्याला वाटतं कॉम्प्युटरमध्येही असेल. जीपीएसचा इतिहास तुम्हाला कुठेही मिळेल, म्हणून भराभर सांगते. अमेरिकी लष्कराची यंत्रणा, पहिला उपग्रह १९७८ मध्ये. १९८३ मध्ये कोरियन एअरलाइन्सचं विमान सोव्हिएत हद्दीत भरकटलं आणि पाडलं गेलं, त्यानंतर अमेरिकेने ही सेवा नागरी वापरालाही देऊ असं जाहीर केलं. दिली, पण नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळून; त्यामुळे शंभर मीटरपर्यंतचा फरक यायचा. ही मुद्दाम केलेली चूक मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने थांबली. म्हणजे बघा, लोकेशनच्या बाबतीत ‘बंद करणं’ आणि ‘अर्धवट चालू ठेवणं’ हे राजकारण जीपीएसपासूनच आहे. पण घरातल्या छताखाली, काँक्रीटच्या चार भिंतींत, उपग्रहाचा सिग्नल नीट पोचत नाही. कॉम्प्युटर तर बहुतेक वेळ छताखालीच असतो.

याच वर्षी, २००० मध्ये, मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी ‘रडार’ नावाचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाव रडार, पण विमानाशी संबंध नाही. इमारतीच्या एका मजल्यावर त्यांनी तीन वायरलेस बेस स्टेशनं ठेवली. मजल्यावर ठिकठिकाणी उभं राहून प्रत्येक स्टेशनचा सिग्नल किती जोरात येतो याची नोंद आधी करून ठेवली. मग एखादा लॅपटॉप आला की त्याचे आकडे या नोंदवहीशी ताडून बघायचे. दोन-तीन मीटरच्या फरकाने जागा सापडायची. पुढची सगळी कहाणी या एका कल्पनेवर उभी आहे: जागा मोजायची नाही, आधी केलेल्या नोंदीशी जुळवायची.

पण नोंद करणार कोण? एक मजला ठीक आहे. अख्खं शहर कोण फिरणार?

सिएटलमधल्या इंटेलच्या संशोधन केंद्राने २००३ च्या सुमारास ‘प्लेस लॅब’ नावाचा प्रकल्प सुरू केला, आणि मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात आवडतो. त्यांच्या लक्षात आलं की शहरभर नोंदी करणारे लोक आधीच आहेत. हौशी मंडळी गाडीत लॅपटॉप आणि जीपीएस घेऊन रस्त्यांवरून हिंडत होती आणि कुठे कुठलं वायफाय ऐकू येतं याची यादी ठेवत होती. या छंदाला ‘वॉरड्रायव्हिंग’ म्हणायचे. ‘विगल’ ही अशा नोंदींची वेबसाइट २००१ पासूनच चालू होती. प्रत्येक वायफाय राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपली ओळख हवेत सांगत असतो. त्यात त्याचा एक कायमचा क्रमांक असतो. पासवर्ड लागत नाही, जोडावं लागत नाही, नुसतं ऐकायचं. प्लेस लॅबने या याद्या घेतल्या आणि दाखवलं की साध्या लॅपटॉपला शहरात सुमारे २० ते ३० मीटरच्या फरकाने स्वतःची जागा काढता येते. अँथनी लामार्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा पेपर २००५ चा आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा, सोप्या भाषेत आहे.

त्यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे ती हरवणार आहे. प्लेस लॅबमध्ये यादी तुमच्या लॅपटॉपवर असायची. लॅपटॉप ऐकायचा, स्वतःच्याच यादीत बघायचा, स्वतःच उत्तर काढायचा. बाहेर कोणाला काही कळायचं नाही. खाजगीपणा त्या यंत्रणेच्या रचनेतच होता, त्यासाठी वेगळं बटण लागत नव्हतं.

मग बाजार आला. बोस्टनची ‘स्कायहूक वायरलेस’ ही कंपनी २००३ मध्येच सुरू झाली होती. तिने हौशी लोकांवर न थांबता पगारी ड्रायव्हर शहराशहरात फिरवले. जानेवारी २००८ मध्ये आयफोनच्या नकाशात ‘मी कुठे आहे’ हे दिसू लागलं, त्यामागे स्कायहूकचा वायफाय डेटाबेस आणि गूगलची मोबाइल टॉवरची माहिती होती. पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हताच. यात रचना उलटी झाली. यादी आता कंपनीच्या सर्व्हरवर. तुमचं यंत्र आजूबाजूला ऐकू येणारे क्रमांक सर्व्हरला पाठवणार आणि सर्व्हर अक्षांश-रेखांश परत देणार. म्हणजे तुम्ही ‘मी कुठे आहे?’ असं विचारता तेव्हा तुमचा ठावठिकाणा आधी दुसऱ्याला कळतो, मग तुम्हाला. आज तुमच्या कॉम्प्युटरवर जे चालतं ते हेच मॉडेल आहे. परवानगीचं बटण का लागलं, याचं मूळ इथे आहे.

एप्रिल २०१० मध्ये ॲपलने स्कायहूक सोडून स्वतःचा डेटाबेस वापरायला सुरुवात केली. गूगल तर स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्या फिरवतच होतं, आणि त्या फोटोंबरोबर वायफायही ऐकत होत्या. जर्मनीतल्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांनी विचारणा केली. एप्रिल अखेरीस गूगलने सांगितलं, आम्ही फक्त नेटवर्कची नावं आणि क्रमांक घेतो. १४ मे २०१० ला त्याच कंपनीने मान्य केलं की उघड्या नेटवर्कवरून जाणाऱ्या प्रत्यक्ष मजकुराचे तुकडेसुद्धा साठवले गेले. फ्रान्समध्ये २०११ मध्ये एक लाख युरोंचा दंड झाला. अमेरिकेत संपर्क आयोगाने २०१२ मध्ये चौकशीत अडथळा आणल्याबद्दल २५,००० डॉलरचा दंड केला. त्या कंपनीच्या हिशेबात ही रक्कम चहापाण्याची. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ३८ राज्यांबरोबर ७० लाख डॉलरची तडजोड झाली.

इतिहास लिहिताना इथे मोह होतो ‘घोटाळा झाला, कायदे आले’ असं सरळ रेषेत लिहायचा. कागद तसं सांगत नाहीत. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने एक उपाय दिला: ज्यांना डेटाबेसमध्ये राहायचं नाही त्यांनी आपल्या वायफायच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि ‘नोमॅप’ असं लिहावं. म्हणजे नोंद करायला तुमची परवानगी विचारणार नाही. नकार द्यायचा असेल तर तुम्हीच दारावर पाटी लावा, तीही त्यांना समजेल अशा भाषेत. ही पाटी किती जणांनी लावली असेल? तुमच्या इमारतीतल्या वायफायची नावं एकदा वाचून बघा, उत्तर मिळेल.

त्याच वर्षी दुसरा प्रकार. २० एप्रिल २०११ ला अलास्डेर ॲलन आणि पीट वॉर्डन या दोघांनी दाखवलं की आयफोनमधल्या एका फाइलमध्ये जवळजवळ वर्षभराच्या ठिकाणांच्या नोंदी आहेत, आणि ती फाइल बॅकअपबरोबर कॉम्प्युटरवरही उतरते. ॲपलने आठवड्याभरात खुलासा केला: या फोनच्या जागा नाहीत, आसपासच्या वायफाय आणि टॉवरच्या डेटाबेसचा तुकडा आहे, आणि तो इतका लांब ठेवला जाणं ही चूक आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी बातमी पुढे आहे. लोकेशन सेवा बंद केली तरी ही फाइल भरत राहायची, आणि ॲपलने तेही चूक म्हणून मान्य केलं. मे मध्ये नवीन आवृत्ती देऊन दुरुस्ती झाली. म्हणजे २०११ पर्यंत ‘बंद’ या बटणाचा अर्थ खुद्द बनवणाऱ्यांकडेही पक्का नव्हता. आज ते बटण इतकं कडक, इतकं थरांचं का आहे, त्याचं कारण शोधायचं तर २०१० आणि २०११ ही दोन वर्षं खणावी लागतात.

आता विंडोजकडे वळू. पान वरून खाली वाचू नका, कालक्रमाने वाचा.

सगळ्यात जुना थर २००९ चा, विंडोज ७ मधला. त्यात लोकेशनला पहिल्यांदा व्यवस्थेत जागा मिळाली, पण सेन्सर म्हणून, म्हणजे उजेड मोजणाऱ्या सेन्सरसारखंच एक उपकरण. कंट्रोल पॅनेलमधून हाताने चालू करायचं, आणि एकदा केलं की कोणताही प्रोग्रॅम वाचू शकायचा. वायफायवरून जागा काढायची सोय आतमध्ये नव्हती. ‘जिओसेन्स’ नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर हे काम करायचं, आणि ते उत्तर गूगलकडून आणायचं. मायक्रोसॉफ्टच्या घरात गूगलचा पाहुणा! पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्वतःची यंत्रणा आत बसवली आणि ॲपप्रमाणे परवानगी विचारायला सुरुवात केली. पण जुने, डेस्कटॉपवरचे प्रोग्रॅम या नव्या परवानगीच्या जगाआधीचे. त्यांना एकेक करून आवरणं जमणार नव्हतं. म्हणून आजही ‘डेस्कटॉप ॲप्सना लोकेशन द्या’ हा सगळ्यांसाठी मिळून वेगळा टॉगल दिसतो. शहराच्या जुन्या गावठाणाला जसे वेगळे नियम असतात, तसं हे.

दुसरा थर संस्थांचा. कंपन्या, सरकारी कार्यालयं, विद्यापीठांच्या लॅब, इथे शेकडो यंत्रं एका जागेवरून सांभाळावी लागतात. त्यासाठी ग्रुप पॉलिसी. त्यात ‘लोकेशन अँड सेन्सर्स’ या कप्प्यात ‘टर्न ऑफ लोकेशन’ असा नियम आहे. तो लागू केला की रजिस्ट्रीमध्ये पॉलिसीच्या भागात ‘डिसेबल लोकेशन’ नावाची नोंद होते, किंमत १. ती नोंद असेल तर तुमचं बटण राखाडी. आता सुरुवातीचा प्रश्न आठवा: घरच्या लॅपटॉपवर संस्था कुठून आली? विंडोज फक्त नोंद बघतं, ती कोणी केली हे विचारत नाही. कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातं लॅपटॉपला जोडलं असेल तर नोंद तिकडून आली असू शकते. तुम्ही कधी तरी ‘प्रायव्हसी वाढवा, विंडोज हलकं करा’ असं म्हणणारं फुकट टूल चालवलं असेल, तर ते टूलही हीच नोंद करतं. त्या वेळी ‘तुमची संस्था’ म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे तुम्ही, किंवा लॅपटॉप फॉरमॅट करून देणारा दुकानदार.

म्हणून दुरुस्तीचा क्रमही या थरांनुसारच लावायचा. आधी पॉलिसी. यंत्र तुमचं असेल तर ग्रुप पॉलिसीमधला तो नियम ‘नॉट कॉन्फिगर्ड’ करा. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा एडिटर नसतो, तिथे रजिस्ट्रीतली ती नोंद काढावी लागते, आणि काढण्याआधी त्या भागाची प्रत ठेवा. यंत्र संस्थेचं असेल तर हात लावू नका, सिस्टिम ॲडमिनला मेल करा. मग सर्व्हिसेसच्या यादीत ‘जिओलोकेशन सर्व्हिस’ बघा. ‘डिसेबल्ड’ असेल तर ‘मॅन्युअल’ करून कॉम्प्युटर पुन्हा चालू करा. त्यानंतर सेटिंग्जमधला पूर्ण यंत्राचा टॉगल, जो फक्त ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून बदलतो. मग ॲप्सचा, डेस्कटॉप ॲप्सचा, आणि शेवटी ब्राउझरमध्ये त्या वेबसाइटची परवानगी. ब्राउझरचा थर विंडोजचा नाही, वेबचा. त्याच्या मानकाचा पहिला मसुदा डिसेंबर २००८ चा, आणि २०१६ पासून क्रोमने साध्या, कुलूप नसलेल्या वेबसाइटना लोकेशन देणंच थांबवलं. तुमच्या विभागाची जुनी नकाशाची वेबसाइट अजून ‘एचटीटीपी’वर असेल तर विंडोजमधलं काहीही बदलून उपयोग नाही. दोष तिकडचा आहे.

वरचा थर बंद असताना खालचा चालू करण्यात लोक संध्याकाळ घालवतात. कुठला थर नाही म्हणतोय हे आधी ठरवा. संशोधनातही हेच असतं, पण ते असो.

सगळं चालू केलं आणि तरी नकाशा भलतीकडेच दाखवतोय? डेस्कटॉपला वायफाय कार्डच नसेल, नेट वायरने येत असेल, तर कॉम्प्युटरला ऐकायला काही नसतं. मग तो आयपी पत्त्यावरून अंदाज करतो, आणि आयपी पत्ता तुमच्या घराचा नसतो, इंटरनेट कंपनीच्या जाळ्याचा असतो. सोलापुरात बसून मुंबई दिसली तर ती बिघाडाची गोष्ट नाही, माहितीच तेवढी आहे. विंडोजमध्ये अशा वेळेसाठी ‘डिफॉल्ट लोकेशन’ भरून ठेवायची सोय आहे, ती वापरा.

‘माहितीच तेवढी आहे’ हे कबूल न करण्याची किंमत काय असते, याचं उदाहरण अमेरिकेत कॅन्सस राज्यात सापडतं. मॅक्समाइंड ही आयपी पत्त्यांवरून ठिकाण सांगणारी कंपनी. एखादा पत्ता अमेरिकेतला आहे एवढंच कळत असेल तर त्यांचा डेटाबेस देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू द्यायचा, सोयीसाठी गोल केलेला: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तो बिंदू पॉटविन नावाच्या छोट्या गावाजवळच्या एका शेतावर पडत होता. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका शेताच्या नावावर चढले. फसवणूक, चोरीचे कॉम्प्युटर, बेपत्ता मुलं, कशाचाही माग काढणारी माणसं आणि पोलीस वर्षानुवर्षं त्या घराच्या दारात येत राहिले. राहणाऱ्यांना कारणच कळत नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी हे उघडकीला आणलं, आणि कंपनीने तो बिंदू उचलून विचिटा शहराच्या पश्चिमेला एका तलावात नेऊन ठेवला. ‘माहीत नाही’ असं लिहायला रकानाच नव्हता, म्हणून एक कुटुंब भोगत राहिलं. तुम्ही सर्वेक्षणाचा फॉर्म बनवाल तेव्हा हे शेत आठवा आणि तो रकाना ठेवा.

आता तिसरं वाक्य: बंद पडलंय.

जून २०२४ नंतर जगभरातल्या बऱ्याच लिनक्स वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की आपोआप टाइमझोन बदलत नाही, हवामानाचं ॲप गाव ओळखत नाही, संध्याकाळी स्क्रीन पिवळसर करणारी सोय वेळ चुकते. सेटिंग्जमध्ये टॉगल चालूच. परवानग्या बरोबर. लिनक्सवर हे काम ‘जिओक्लू’ नावाचा प्रोग्रॅम करतो, तोही ठणठणीत. तो ज्याला प्रश्न विचारायचा, ते उत्तर देणारं केंद्रच उरलं नव्हतं.

ते केंद्र म्हणजे मोझिला लोकेशन सर्व्हिस. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०१३ मध्ये ते सुरू केलं. कल्पना प्लेस लॅबच्या जवळची: लोकांनी स्वतः फिरून नोंदी करायच्या. त्यासाठी अँड्रॉइड फोनवर ‘मोझस्टंबलर’ नावाचं ॲप होतं. स्वयंसेवक ते खिशात ठेवून शहरं पालथी घालायचे. मोबाइल टॉवरची माहिती सगळ्यांना उतरवून घ्यायला खुली होती. वायफायची मात्र नव्हती, आणि हा कंजूषपणा नव्हता. राउटर माणसाबरोबर घर बदलतो. कोणी मारझोड करणाऱ्या नवऱ्यापासून लपून दुसऱ्या गावी गेली आणि राउटर बरोबर नेला, तर त्या एका क्रमांकावरून तिचं नवं घर सापडेल. म्हणून सेवेला प्रश्न विचारतानाही निदान दोन जवळजवळचे क्रमांक द्यावे लागायचे: तुम्ही खरंच तिथे उभे आहात याचा तेवढाच पुरावा.

पण वायफायवरून जागा काढण्याच्या पद्धतींवर पेटंटं होती, आणि ती स्कायहूककडे होती. स्कायहूकने २०१० मध्ये गूगलवर खटला भरला होता, तो २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. २०१९ मध्ये तिने मोझिलाशी संपर्क साधला. करार झाला, सेवा वाचली, पण व्यावसायिक वापरावर दिवसाला एक लाख प्रश्नांची मर्यादा आली. स्वयंसेवकांचं ॲपही पुढे थांबलं. आता राउटर बदलत राहतात, माणसं घरं बदलतात. नव्या नोंदी आल्या नाहीत तर असा डेटाबेस दर महिन्याला थोडा थोडा खोटा होत जातो. १३ मार्च २०२४ ला मोझिलाने जाहीर केलं की अचूकता घसरत चालली आहे, नव्याने गुंतवणूक करायचा विचार नाही, सेवा बंद करतोय. आधी नव्या किल्ल्या देणं थांबलं, मग नवीन नोंदी घेणं, मग टॉवरच्या फाइली काढल्या, आणि १२ जूनला बाहेरच्यांसाठी उत्तरं बंद.

यात खलनायक शोधू नका. पेटंटवाली कंपनी, पैसे मोजणारी संस्था, दमलेले स्वयंसेवक, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आयतं वापरून कधी एक नोंदही न देणारे आपण, असं सगळं मिळून ते बंद पडलं. लिनक्सवर आज दुरुस्ती करायची तर जिओक्लूच्या कॉन्फिगरेशन फाइलमधल्या वायफायच्या भागात जुना पत्ता काढून ‘बीकनडीबी’सारख्या नव्या सेवेचा घालावा लागतो. नव्या वितरणांमध्ये तो बदल कधी कधी आधीच केलेला असतो. बीकनडीबीही स्वयंसेवकांवरच चालते. तुमच्या तालुक्याच्या गावात अजून कोणी फोन घेऊन नोंदी करत फिरलं नसेल, तर पत्ता बरोबर घालूनही उत्तर येणार नाही. ‘निओस्टंबलर’ नावाचं अँड्रॉइड ॲप त्यासाठी आहे. एका रविवारी गावातून चक्कर मारलीत तर तुमच्या गावचा पहिला नोंदकार तुम्ही असाल.

बंद दरवाजे या कहाणीत अजून येतच आहेत. मेरीलँड विद्यापीठातले एरिक राय आणि डेव्ह लेव्हिन यांनी २०२४ मध्ये दाखवलं की ॲपलच्या सेवेला एक क्रमांक विचारला तर ती आसपासच्या शेकडो राउटरच्या जागा परत देत होती. वर्षभर विचारत राहून त्यांनी जगभरातल्या दोन अब्जांहून जास्त राउटरच्या जागा गोळा केल्या, त्यात युद्धभूमीवरचेही होते. मोझिलाने जे टाळायला दोन क्रमांकांची अट घातली होती, नेमकं तेच.

आणि त्याच वर्षी विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत एक बदल आला, जो नेटवर्किंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अजून चकवतो. आजूबाजूच्या वायफायची यादी दाखवणारी ‘नेटश’ची जुनी कमांड चालवली की उत्तर येतं, लोकेशनची परवानगी द्या. नकाशा नको, हवामान नको, फक्त नेटवर्कची यादी हवी आहे आणि कॉम्प्युटर लोकेशनचं बोलतोय! लोक याला बिघाड म्हणतात. तुम्ही इथपर्यंत वाचलंय, तर तुम्हाला कळेल की ती यादी म्हणजेच लोकेशन आहे. अँड्रॉइडने हे २०१५ मध्येच मान्य केलं होतं, विंडोजला नऊ वर्षं जास्त लागली.

शेवटी तुमच्या कामाचं. फील्डवर्कला जाणार असाल तर लॅपटॉप आणि फोनवरचं लोकेशन ‘चालू की बंद’ हे निघण्याआधी ठरवा आणि डायरीत लिहा, कारणासकट. विहिरींचं सर्वेक्षण असेल तर चालू हवं. कर्जबाजारी कुटुंबांच्या किंवा घर सोडून आलेल्या बायकांच्या मुलाखती असतील, तर फॉर्म, फोटो आणि रेकॉर्डिंगला चिकटलेले अक्षांश-रेखांश म्हणजे तुम्ही कागदावर बदललेल्या नावाखाली लिहिलेला खरा पत्ता. आणि लोकेशन अचानक बंद दिसलं, तर चालू करायच्या आधी त्या राखाडी पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, विंडोजची आवृत्ती कोणती ते लिहा, मागच्या महिन्यात काय इन्स्टॉल केलं ते लिहा. दुरुस्त झाल्यावर हा पुरावा परत मिळत नाही.